मोठं मूल आणि भावंडं दत्तक घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संस्थेत वाढणाऱ्या सहा, आठ, अकरा वर्षांच्या मुलांना आणि एकत्र आलेल्या भावंडांना घर देण्याचा विचार करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे. दत्तक पालकांशी बोलणं हे माझं रोजचं काम. त्या बोलण्यात जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, तेच इथे घेतले आहेत. नियम भारतातले आहेत, म्हणजे बाल न्याय अधिनियम २०१५, त्यातली २०२१ ची दुरुस्ती आणि दत्तक नियमावली २०२२ यांनुसार. पण नियमांपेक्षा घरात काय घडतं यावर जास्त लिहिलं आहे, कारण पालक अडखळतात ते तिथेच.

'मोठं मूल' म्हणजे किती मोठं?

व्यवहारात पाच वर्षांपुढचं मूल मोठं धरतात. कायद्याने अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत दत्तक घेता येतं. म्हणजे चौदा वर्षांची मुलगीही दत्तक जाऊ शकते, आणि काही जातातही.

ही मुलं इतकी मोठी होईपर्यंत संस्थेत का राहतात? बाळ असतानाच कुणी का नेलं नाही?

यातली बरीचशी मुलं बाळ असताना संस्थेत नव्हतीच. ती घरी होती. मग आई गेली, वडील दारूत बुडाले, आजीने सांभाळलं, आजीही थकली, आणि सातव्या वर्षी मूल बालगृहात आलं. काही मुलं रेल्वे स्टेशनवर सापडतात आणि घराचा पत्ता सांगू शकत नाहीत. काहींचे पालक तुरुंगात असतात किंवा वर्षानुवर्षं भेटायलाच येत नाहीत.

पालक हयात असतील तर मूल लगेच दत्तक देता येत नाही, आणि देऊही नये. आधी बाल कल्याण समिती, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय घेणारी कायद्याने नेमलेली समिती, चौकशी करते, नातेवाइकांचा शोध घेते आणि मगच मूल दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त झाल्याचं जाहीर करते. सापडलेल्या मुलासाठी कायद्यात मुदत आहे: दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोन महिने, त्यापुढच्या मुलासाठी चार महिने. प्रत्यक्षात चौकशी लांबते आणि फाइल फिरत राहते. मोठ्यांच्या टेबलावर एक वर्ष गेलं की मुलाच्या बालपणातलं एक वर्ष गेलेलं असतं. याचा मला राग येतो आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं थांबावं लागतं असं ऐकलं. मोठं मूल लवकर मिळतं, म्हणून तेच घ्यावं का?

लवकर मिळतं हे खरं आहे. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या नोंदीनुसार २०२४-२५ मध्ये देशात ४,५१५ मुलं दत्तक गेली. तोपर्यंतच्या जवळजवळ बारा वर्षांतला हा सर्वाधिक आकडा होता. तरीही तान्ह्या, निरोगी बाळासाठी वाट पाहणाऱ्यांची रांग फार मोठी आहे. पाच वर्षांवरची मुलं, भावंडं आणि विशेष गरजा असलेली मुलं मात्र काराच्या पोर्टलवर पालकांची वाट पाहत असतात. गृहभेट अहवाल (घरी येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल) मंजूर झालेल्या पालकांना त्यांची माहिती थेट पाहता येते. ज्यांना घर मिळणं अवघड जातं अशा मुलांसाठी 'सात दिवसांच्या प्रयत्नां'ची सोयही आहे. तिथे नोंदणीचा ज्येष्ठताक्रम पाहिला जात नाही.

पण फक्त रांग टाळायची म्हणून मोठं मूल घेऊ नका. बाळाची ओढ मनात तशीच ठेवून आठ वर्षांच्या मुलाला घरी आणलं, तर आपण कुणाच्या तरी जागी आलो आहोत हे त्या मुलाला पहिल्या आठवड्यात कळतं. ज्यांना बाळच हवं आहे त्यांनी बाळासाठीच थांबावं. त्यात काही गैर नाही.

पात्रतेच्या अटी काय आहेत?

जोडप्याचं लग्न किमान दोन वर्षं स्थिर असावं आणि दत्तकाला दोघांची संमती हवी. पालक आणि मूल यांच्या वयात किमान पंचवीस वर्षांचं अंतर लागतं. वयाची कमाल मर्यादा मुलाच्या वयानुसार वाढत जाते. चार ते आठ वर्षांच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयांची बेरीज जास्तीत जास्त १००, आठ ते अठरा वर्षांच्या मुलासाठी ११०. एकट्या पालकासाठी हीच मर्यादा अनुक्रमे ५० आणि ५५ वर्षं. म्हणजे पन्नाशी ओलांडलेल्या जोडप्यालाही दहा वर्षांच्या मुलाचे आईवडील होता येतं. अशी अनेक जोडपी आपलं वय गेलं असं धरून चौकशीच करत नाहीत.

एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कुणीही दत्तक घेता येतं. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

आम्हाला आधीच मुलं आहेत. चालेल का?

एक मूल असेल तर अडचण नाही. दोन किंवा अधिक असतील तर फक्त विशेष गरजा असलेल्या किंवा घर मिळणं अवघड गेलेल्या मुलांसाठी विचार होतो. नातलगाचं किंवा जोडीदाराचं आधीचं मूल दत्तक घ्यायचं असेल तर हा नियम लागू नाही.

कायद्यात नसलेली एक गोष्ट सांगते. घरातल्या मुलापेक्षा मोठं मूल आणलं की घरातलं थोरलेपण हलतं. दहा वर्षं 'दादा' असलेल्या मुलाला अचानक कुणाचा तरी धाकटा व्हायला सांगणं सोपं नसतं. त्याच्याशी आधी बोला, आणि 'तुला भाऊ हवा ना?' इतक्यावर थांबू नका. खोली, कपाट, आईशेजारी झोपायची जागा, सायकल, या सगळ्यांत वाटणी होणार आहे हे त्याला स्पष्ट सांगा.

फॉस्टर केअर आणि दत्तक यांत फरक काय? आधी फॉस्टर केअर करून मग दत्तक घेता येतं का?

फॉस्टर केअर, म्हणजे प्रतिपालकत्व. यात मूल तुमच्या घरी राहतं, वाढतं, शाळेत जातं, पण कायद्याने तुमचं अपत्य होत नाही. बाल कल्याण समितीच्या आदेशाने ते तुमच्याकडे असतं, व्यवस्थेवर जिल्हा बाल संरक्षण कक्षाची देखरेख असते आणि ठरावीक काळाने आढावा घेतला जातो. ज्या मुलांचे पालक हयात आहेत पण सध्या सांभाळू शकत नाहीत, त्यांच्यासाठीही ही वाट आहे. अशा वेळी मूल परत त्याच्या घरी जाऊ शकतं, आणि ते आनंदाने पाठवायची तयारी तुमच्या मनात हवी.

दत्तक मात्र कायमचं. बाल न्याय अधिनियमाच्या कलम ६३ नुसार दत्तक आदेशाच्या तारखेपासून मूल तुमचंच अपत्य होतं. नाव, वारसा, सगळे हक्क त्यात आले. जन्मदात्या कुटुंबाशी असलेलं कायदेशीर नातं संपतं.

दोन वाटांमध्ये पूलही आहे. २०२४ मध्ये सुधारलेल्या प्रतिपालकत्वाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार सहा वर्षांवरच्या मुलांसाठी जोडप्यांबरोबर एकट्या व्यक्तीही अर्ज करू शकतात. त्यात अविवाहित, विधवा, विधुर, घटस्फोटित आणि विभक्त राहणाऱ्या सगळ्यांचा समावेश आहे. मूल दोन वर्षं तुमच्याकडे राहिलं आणि ते कायदेशीररीत्या मुक्त असेल, तर तुम्हीच त्याला दत्तक घेऊ शकता. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता. मोठ्या मुलांच्या बाबतीत ही वाट मला फार मोलाची वाटते. बारा वर्षांच्या मुलाला एकदम 'आजपासून हे तुझे आईबाबा' म्हणण्यापेक्षा आधी एकत्र राहणं आणि मग दोन्ही बाजूंनी होकार देणं जास्त नैसर्गिक आहे.

मिशन वात्सल्य या केंद्र सरकारच्या बालसंरक्षण योजनेत अशा कुटुंबाधारित संगोपनासाठी दरमहा प्रतिबालक ४,००० रुपयांच्या मदतीची तरतूद आहे. त्या पैशासाठी मूल आणू पाहणारं घर गृहभेटीतच ओळखू येतं, त्यामुळे मदत घ्यायला संकोच करू नका. ती मुलासाठी आहे.

तीन भावंडं आहेत. आम्हाला धाकटी आवडली. फक्त तिलाच घेता येईल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि माझं उत्तर एकच असतं: नाही, आणि मागूही नका.

या मुलांनी घर गमावलेलं असतं. गाव, शाळा, अंगण, कधी कधी भाषासुद्धा सुटलेली असते. उरलेलं असतं फक्त एकमेकांचं असणं. रात्री आईचा आवाज कसा होता हे आठवायचं, तर ते विचारायला जगात एकच माणूस असतो, ती म्हणजे बहीण. ती वेगळी केली की आठवणींचा शेवटचा साक्षीदारही जातो. प्रतिपालकत्वाबाबत तर कायद्यातच लिहिलेलं आहे की भावंडांना एकाच कुटुंबात ठेवण्यासाठी सर्व प्रयत्न करावेत. अपवाद करायचा तो फक्त मुलांच्याच हिताचा असेल तर. दत्तकाच्या वेळीही भावंडांची नोंद एकत्रच दिसते.

अपवाद असतात. एका भावंडाकडून दुसऱ्याला इजा झालेली असते, किंवा वयात इतकं अंतर असतं की दोघं एकत्र वाढलेलीच नसतात. पण हा निर्णय बाल कल्याण समितीचा आणि समुपदेशकांचा आहे. 'आमच्या टू बीएचकेमध्ये बसणार नाहीत' हे कारण त्यात येत नाही. तुम्हाला एकाच मुलाला सांभाळणं झेपणार असेल तर एकटं असलेलं मूल पाहा. आणि कोणत्याही कारणाने भावंडं वेगळ्या घरी गेलीच, तर दोन्ही कुटुंबांनी एकमेकांचे नंबर जवळ ठेवून दिवाळी-भाऊबीजेला, सुट्टीत मुलांना भेटवत राहावं. हे करणारी कुटुंबं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे.

दोन सख्ख्या बहिणी एकत्र दत्तक घेता येतात का? वकील म्हणाले, एकच मुलगी घेता येते.

वकील बहुधा हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ बद्दल बोलत असावेत. त्या कायद्यात मुलगी हयात असताना दुसरी मुलगी आणि मुलगा असताना दुसरा मुलगा दत्तक घेता येत नाही. शिवाय मुलाचं वय साधारणपणे पंधरा वर्षांच्या आत लागतं. बाल न्याय अधिनियमात अशी अट नाही. तो सर्व धर्मांच्या लोकांना लागू होतो. दोन बहिणी, दोन भाऊ, तीन बहिणी, सगळे एकत्र येऊ शकतात. संस्थेतलं मूल दत्तक घेण्याचा मार्ग याच कायद्याचा आहे.

प्रक्रिया कशी असते? खर्च किती?

काराच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि कागदपत्रं चढवायची. त्यानंतर समाजसेविका घरी येऊन गृहभेट अहवाल तयार करतात. तो तीन वर्षं चालतो. पोर्टलवर मुलाची माहिती आली की ते मूल आपल्यासाठी राखून ठेवायला ४८ तास मिळतात. मग मुलाला भेटायचं आणि ठरलेल्या मुदतीत स्वीकृती द्यायची. त्यानंतर दत्तकपूर्व प्रतिपालकत्वावर, म्हणजे आदेश होईपर्यंत तात्पुरतं, मूल घरी येतं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज जातो. १ सप्टेंबर २०२२ पासून दत्तक आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. अर्ज आल्यापासून दोन महिन्यांत आदेश व्हावा अशी अपेक्षा आहे. पुढे दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुरावा.

शुल्क नियमावलीत ठरवून दिलेलं आहे. त्यापलीकडे संस्थेने देणगी मागणं किंवा घेणं चालत नाही, वस्तूंच्या रूपातही नाही. कुणी मागितली तर राज्य दत्तक संसाधन संस्थेकडे तक्रार करा.

मुलाची संमती घेतात का? मूल 'नाही' म्हणालं तर?

घेतात. पाच वर्षांपुढच्या मुलाला विचारलं जातं, त्याचं समुपदेशन होतं, आणि त्याच्या वयाला व समजेला धरून त्याच्या इच्छेचा विचार करणं कायद्याने बंधनकारक आहे.

'नाही' म्हणालं तर ते तुमच्याविषयी असेलच असं नाही. कित्येकदा त्याला संस्थेतला जिवलग मित्र सोडायचा नसतो. कित्येकदा आई परत येईल आणि आपण इथे नसलो तर तिला सापडणार नाही, ही भीती असते. या भीतीवर घाई करून उपाय होत नाही. पुन्हा भेटा. सोबत महागडी खेळणी नेऊ नका. घराचे, गल्लीचे, मुलाच्या होणाऱ्या खोलीचे, आजीचे फोटो न्या आणि त्याला प्रश्न विचारू द्या. एका मुलाने होणाऱ्या आईला विचारलं होतं, 'तुमच्याकडे रात्री दिवा चालू ठेवतात का?' त्याला हवं असलेलं घर त्या एका प्रश्नात होतं. आणि एवढं करूनही मूल नाहीच म्हणालं, तर त्याचा नकार मान्य करा.

मुलाची माहिती वाचताना काय पाहावं?

पोर्टलवर बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय तपासणी अहवाल असतो. दोन्ही वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. मूल किती संस्थांमध्ये राहिलं? कोण भेटायला येत होतं आणि शेवटचं कधी आलं? शाळेत कुठल्या इयत्तेत आहे आणि प्रत्यक्षात वाचता काय येतं? झोप कशी आहे? मारहाण किंवा लैंगिक अत्याचाराची नोंद आहे का? शेवटचा प्रश्न विचारायला जीभ अडखळते, तरी विचारा. माहीत असलेलं सांभाळता येतं. वैद्यकीय अहवाल स्वतःच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जन्मतारीख अनेकदा अंदाजाने ठरवलेली असते, त्यामुळे वर्ष-दीड वर्षाचा फरक मनात धरा.

आणखी एक सांगते. मुलाला रात्री झोपवणाऱ्या मावशींशी दहा मिनिटं बोला. कागदावर नसलेलं त्यांना माहीत असतं.

घरी आल्यावर पहिले काही महिने कसे जातात?

सुरुवातीला बहुतेक मुलं फार शहाण्यासारखी वागतात. ताट स्वतः धुतात, विचारल्याशिवाय काही घेत नाहीत, 'आई-बाबा' म्हणायला लगेच तयार होतात. पालक खूश होतात. मला मात्र ते मूल पाहुण्यासारखं राहतं आहे असं वाटतं. महिना-दोन महिन्यांनी परीक्षा सुरू होते. वस्तू फुटतात, खोटं बोललं जातं, 'मला परत सोडा' हे वाक्य येतं. मूल बिघडलेलं नसतं. आपण कितीही वाईट वागलो तरी हे लोक आपल्याला ठेवतात का, हे ते तपासत असतं. अशा वेळी रागाच्या भरात 'परत पाठवीन' हे शब्द तोंडातून कधीही जाऊ देऊ नका. इतर कोणताही राग मूल विसरेल, हे विसरत नाही.

खाणं लपवणं तर जवळजवळ प्रत्येक घरात असतं. दप्तरात पोळी, उशीखाली बिस्किटं, कपाटात वाळलेला लाडू. त्याला चोरी म्हणू नका. एका घरात आईने मुलीच्या पलंगाशेजारी झाकणाचा डबा ठेवला. त्यात चणे, गूळ, चिक्की. तो तिचाच, कधीही खायचा, विचारायचं नाही, आणि रिकामा झाला की आई भरायची. काही महिन्यांनी तो डबा भरलेलाच राहू लागला. मग मुलीने स्वतः नेऊन स्वयंपाकघरात ठेवला.

नऊ वर्षांचं मूल भरवून मागतं, मांडीवर बसतं, बोबडं बोलतं, अंथरूण ओलं करतं. या गोष्टींना घाबरू नका. न मिळालेलं बाळपण ते आता मागून घेत असतं. भरवा. सासूबाई 'एवढा घोडा झाला तरी' म्हणाल्या तरी भरवा. मात्र अंघोळ, कपडे बदलणं, मिठी मारणं यांत मुलाला विचारून पुढे जा. त्याच्या शरीरावर कुणी कसा हात टाकला होता हे आपल्याला ठाऊक नसतं.

आणि तुम्हाला स्वतःला लगेच माया वाटली नाही तर? वाटत नाही, अनेकांना वाटत नाही. आधी जबाबदारी येते, मग सवय, माया मागून. हे उघड बोलायला जागा हवी, म्हणून दत्तक पालकांच्या गटात जा. पुण्या-मुंबईत आणि इतर शहरांतही असे गट आहेत.

थोरली बहीण धाकट्याला आमच्याकडे येऊच देत नाही. तीच त्याला जेवू घालते, तीच रागावते. काय करावं?

दहा वर्षांची ती मुलगी गेली काही वर्षं आई होती. भावाला ताप आला तेव्हा ती जागली, कुणी मारायला आलं तेव्हा ती मध्ये पडली. आता तुम्ही आलात आणि तिचं काम तिच्या हातातून काढून घेत आहात. तुमच्या दृष्टीने तुम्ही तिला मोकळं करत आहात, तिला मात्र आपली किंमत गेली असं वाटतं.

'तू आता खेळ, त्याचं आम्ही बघू' असं म्हणू नका. तिला विचारा: त्याला भाजीत काय चालतं, तो रडला की कसा शांत होतो, त्याला कोणतं गाणं आवडतं. तिच्याकडून शिका. तिच्या देखत त्याचं करा, म्हणजे तुम्हाला येतं हे तिला दिसेल. हळूहळू रात्रीची उठबस ती तुमच्यावर सोडते. एका घरात ही मुलगी रोज रात्री दोनदा उठून भावाचं पांघरूण पाहायची. बाबांनी तिला अडवलं नाही, तेही तिच्याबरोबर उठू लागले. काही आठवड्यांनी ती अंथरुणातूनच विचारायची, 'बाबा, पाहिलंत?' आणि 'पाहिलं' असं उत्तर आलं की कूस बदलून झोपायची.

दोघांना स्वतंत्र वेळही द्या. आठवड्यातून एकदा एकटीला आईबरोबर बाजारात न्या, एकट्याला बाबांबरोबर मैदानावर. भावंडं भांडतील, बोचकारतील, एकमेकांच्या चुगल्या करतील. त्यावरून 'एकालाच आणलं असतं तर बरं' या विचाराकडे जाऊ नका. सुरक्षित वाटू लागल्यावरच भांडता येतं.

आधीच्या आईवडिलांबद्दल बोलावं का? नाव बदलावं का?

बोलावं. मुलाला ते आठवतात, आपण गप्प राहिलो तरी आठवतात. त्याच्या आईला कधीही वाईट म्हणू नका, मूल स्वतः म्हणालं तरी. एक वही करा. तिच्यात संस्थेतले फोटो, आधीच्या शाळेचं नाव, मित्रांची नावं, मूल सांगेल त्या आठवणी त्याच्याच शब्दांत लिहा. वही मुलाच्या ताब्यात राहू द्या.

पहिलं नाव बदलू नका. आडनाव बदलेल, तेवढं पुरे आहे. ज्या नावाने त्याची बहीण त्याला हाक मारते ते काढून घेण्याचा आपल्याला काय अधिकार? मूल स्वतःच नवीन नाव मागत असेल तर वर्षभर थांबून पुन्हा विचारा.

शाळेचं काय?

सहा ते चौदा वयोगटाला शिक्षण हक्क कायदा, २००९ लागू आहे. वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या मुलाला विशेष प्रशिक्षण हा त्याचा हक्क आहे. ओडिशा किंवा झारखंडमधून आलेलं मूल मराठी शाळेत बसवताना पहिलं वर्ष फक्त भाषेसाठी आहे असं समजा. गुणपत्रिका बाजूला ठेवा. वर्गशिक्षकांना आवश्यक तेवढंच सांगा, मुलाला विचारून. 'माझे कुटुंब' किंवा वंशवृक्षाचा प्रकल्प आला की मूल अडतं, म्हणून शिक्षकांना आधीच कल्पना द्या.

दत्तकासाठी रजा मिळते का?

मातृत्व लाभ कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला १२ आठवड्यांची रजा आली, पण मूल तीन महिन्यांच्या आतलं असण्याच्या अटीसह. मोठ्या मुलांवर उघड अन्याय करणाऱ्या या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं. तुमच्या कार्यालयात आज कोणता नियम लागू आहे ते लेखी विचारून घ्या. केंद्र सरकारी महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजेचा पर्याय आहे. सेवाकाळात एकूण ७३० दिवस मिळतात. काहीच मिळत नसेल तर साठवलेली रजा वापरा. दोघांपैकी एकाने पहिले दोन-तीन महिने घरी असणं मला अत्यावश्यक वाटतं.

नातेवाईक विचारतात, 'कुणाचं रक्त आहे, जात कोणती, एवढं मोठं मूल आपलं होईल का?'

हे प्रश्न मूल घरी यायच्या आधी संपवा. जो नातलग मुलासमोर जात काढेल त्याच्याकडे काही काळ जाणं बंद ठेवावं लागेल, इतकी तयारी ठेवा. आजी-आजोबांना मात्र वेळ द्या. त्यांना मुलाबरोबर एखादं काम द्या, सकाळी फुलं तोडणं, संध्याकाळी दूध आणणं. समजावण्यापेक्षा ते लवकर लागू पडतं.

आमच्या गावात आईवडील गेलेली दोन मुलं आहेत. थेट आमच्याकडे ठेवून घेऊ का?

परस्पर नको. प्रक्रिया डावलून मूल देणं-घेणं हा कलम ८० खाली गुन्हा आहे, आणि पैशांची देवाणघेवाण झाली असेल तर कलम ८१ खाली त्याहून गंभीर. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवा किंवा बाल कल्याण समितीकडे जा. तुम्ही काका-काकू, आत्या, मामा, मावशी किंवा आजी-आजोबा असाल तर नात्यातलं दत्तक कायद्याने करता येतं. इतरांसाठी प्रतिपालकत्वाचा अर्ज हा मार्ग आहे. महाराष्ट्रात एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या मुलांना सांभाळणाऱ्या कुटुंबांसाठी बालसंगोपन योजनाही आहे. कित्येकदा आजीला थोडी आर्थिक मदत मिळाली तर मुलांना घर सोडावंच लागत नाही, आणि तेच सर्वांत चांगलं.

आम्ही परदेशात राहतो. भारतातली भावंडं दत्तक घेता येतील का?

अनिवासी भारतीयांना प्राधान्यक्रमात देशात राहणाऱ्या भारतीयांच्या बरोबरीने धरतात. अर्ज मात्र तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेमार्फत आणि देशांतर्गत नसलेल्या, म्हणजे दोन देशांमधल्या दत्तकासाठीच्या हेग कराराच्या प्रक्रियेतून जातो. नागपूर-सोलापूरहून थेट न्यू जर्सीत येणाऱ्या मुलांसाठी घरातली मराठी फार मोठा आधार असते. मुलांना इंग्रजी येईल, घाई नको. आधी घरात त्यांना समजेल असं बोला.

आणि नाहीच जमलं तर?

दत्तक आदेशाच्या आधी मूल परत संस्थेत जातं, असं घडतं. आदेशानंतरही क्वचित घडतं. मोठ्या मुलांच्या बाबतीत ही जोखीम जास्त असते. म्हणून पहिल्या तडाख्यालाच मदत मागा, सहाव्या महिन्यापर्यंत थांबू नका. जिल्हा बाल संरक्षण कक्ष, दत्तक संस्था आणि समुपदेशक यांचं हे कामच आहे. तुम्ही तक्रार केलीत तर मूल काढून घेतील या भीतीने गप्प राहणारी कुटुंबंच शेवटी हरतात. परत गेलेलं मूल पुढच्या कुटुंबावर विश्वास ठेवायला कितीतरी अधिक वेळ घेतं. त्याची जबाबदारी मोठ्यांवर आहे, त्या मुलावर कधीच नाही.

मूल मोठं झाल्यावर मूळ शोधायला गेलं तर?

बऱ्याच मुलांना गावाचं नाव आठवत असतं, त्यामुळे हा प्रश्न अठराव्या वर्षाआधीच येतो. अठरा वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला मूळ शोधण्यासाठी स्वतंत्र अर्ज करता येतो. त्याआधी दत्तक पालकांबरोबर संयुक्त अर्ज करावा लागतो. जन्मदात्या आईवडिलांची गोपनीयता राखून जेवढी देता येईल तेवढी माहिती दिली जाते. म्हणून दत्तक आदेश, बाल कल्याण समितीचा आदेश, बाल अध्ययन अहवाल आणि संस्थेकडून मिळालेला प्रत्येक कागद जपून ठेवा, त्याच्या प्रती काढा, आणि भावंडं असतील तर प्रत्येकाचा संच वेगळा करा. दोघांपैकी एकालाच शोध घ्यावासा वाटेल आणि दुसऱ्याला अजिबात नाही, असंही होतं. शोध घेणाऱ्याबरोबर जा. ज्याला जायचं नाही त्याला घरी राहू द्या.